दात बघून घेतलेला कॅमेरा

ऑफिसातल्या भिशीची चिठ्ठी मला पंधराव्या महिन्यात लागली. भिशीत माणसं पंधराच होती, तेव्हा ती लागली म्हणणंही बरोबर नाही, ती उरली. पंधरा जणांचे हजार-हजार मिळून १५,००० रुपये. यातून मी कॅमेरा घेणार, हे गेले चौदा महिने घरात सांगत होतो आणि घरातल्यांनी ते शेजारच्या देवळातल्या घंटेसारखं सवयीनं ऐकणं सोडून दिलं होतं. पैसे घरी आले त्याच संध्याकाळी वॉशिंग मशीननं पाणी बाहेर सोडायचं बंद केलं. त्याला भिशीची बातमी कुणी दिली ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, त्यानं मशीनच्या पोटातून एक सेफ्टी पिन आणि एक मोजा काढून दाखवला आणि पंप बदलल्याचे २,८०० रुपये घेऊन गेला. उरले १२,२००. वरचे दोनशे मी चतुर्थीला गणपतीपुढे ठेवले, मिक्सर सांभाळ म्हणून.

बारा हजारांत नवा कॅमेरा येत नाही. नव्या कॅमेऱ्याची चांगली पिशवी येते. म्हणजे जुना घेणं आलं. आणि नवं घेताना निवड आपला खिसा करतो, पण जुनं घ्यायचं तर गेल्या वीस वर्षांत जगानं हौसेनं घेऊन कंटाळून सोडलेलं सगळं एकदम समोर येतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली की बायको तीन साड्यांच्या बदल्यात कढई घ्यावी की पातेलं यावर जेवढी अडून बसते, तेवढा मी आठ महिने अडून बसलो होतो. फक्त माझ्या दारात बाई नव्हती आणि साड्याही नव्हत्या.

तसं पाहिलं तर डिजिटल कॅमेरा आणि मी एकाच वर्षाचे. १९७५ सालच्या डिसेंबरात कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं तो पहिल्यांदा चालवला. जन्मतः त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं, माझं अडीच. पहिला फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागले. मला पहिला आवाज काढायला त्याहून जास्त, असं आई सांगते. त्याच्याकडे मेगापिक्सेल होते ०.०१. पुढे त्याची प्रगती झाली.

“बाबा, तुमच्या फोनमध्ये पन्नास मेगापिक्सेल आहेत. मग तुम्ही पैसे देऊन बारावाला का घेताय?” मुलीनं विचारलं. ती कॉमर्सला आहे. मी तिला समजावलं की पिक्सेल किती यापेक्षा ते कुठे बसलेत याला महत्त्व असतं. फोनचा सेन्सर हरभऱ्याएवढा. त्यावर पन्नास मेगापिक्सेल म्हणजे सकाळची लोणावळा-पुणे लोकल. प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश येणार तो शेजारच्याच्या काखेखालून. माझ्या डोक्यात असलेल्या निकॉन डी९० चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या छोट्या तिकिटाएवढा. त्यावर १२.३ मेगापिक्सेल म्हणजे पाय पसरून, खिडकीशी बसून, डबा उघडून प्रवास. फोटो निघतो ४,२८८ बाय २,८४८ ठिपक्यांचा. बारा बाय आठ इंचांचा प्रिंट काढला तरी कुठे फाटत नाही.

“तुम्ही शेवटचा प्रिंट कधी काढला होता?”

मी विषय बदलला. प्रिंट शेवटचा काढला होता तो आधार कार्डाचा.

खरं कारण वारीचं होतं. माउलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते तो दिवस मी तीन वर्षं फोनवर टिपतोय आणि तीन वर्षं माझ्या फोटोंत पताका येतात, पाऊस येतो, पुढच्या माणसाची छत्री येते, वारकरी तेवढा येत नाही. या खेपेला ज्येष्ठ वद्याच्या आत हातात कॅमेरा हवा, असं ठरवून मी दोनशे पानी वही घातली.

अर्धा निर्णय काकांनीच करून ठेवला होता. त्यांच्या माघारी लोखंडी कपाटातून माझ्या वाट्याला आली होती निकॉनची ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स, डांबरगोळ्यांच्या वासासकट. विजेरी मारून पाहिलं. आत बुरशी नाही. हीच लेन्स कोकणातल्या मावशीकडे चार पावसाळे राहिली असती तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली असती. काका टिळक रोडला राहत आणि त्यांच्या कपाटात हवा जायलाही परवानगी लागत असे, म्हणून ती वाचली. आता लेन्स निकॉनची, तेव्हा बॉडी निकॉनची. निकॉननं एसएलआर कॅमेऱ्यांवर लेन्स बसवायचा माउंट १९५९ पासून तोच ठेवलाय. थोरल्या वाड्याचा उंबरठा आहे, आजोबांची चप्पलही तिथे उतरते. कॅननवाल्यांनी १९८७ साली वाडा पाडून नवी इमारत उठवली. इमारत उत्तम झाली, जुन्या भाडेकरूंचं काय झालं ते विचारू नये.

पण निकॉनच्या वाड्यातही एक मेख आहे, आणि जुना कॅमेरा घेणाऱ्यांतली निम्मी माणसं हिच्यावरच आपटतात. काकांच्या लेन्समध्ये फोकस फिरवायची मोटर नाही. ती बॉडीत लागते. बॉडीच्या तोंडातून एक इवलासा दांडा बाहेर येतो, लेन्सच्या खाचेत बसतो आणि पेचकसानं स्क्रू फिरवावा तसा फोकस फिरवतो. स्वस्तातल्या बॉडींत, म्हणजे डी३१००, डी५१०० वगैरेंत, कंपनीनं तो दांडाच ठेवलेला नाही. लेन्स बसते, फोटो निघतो, फोकस मात्र हातानं लावायचा. माझा चष्मा वर लांबचा, खाली जवळचा आणि मधे अंदाजाचा. मी हातानं फोकस लावेपर्यंत पालखी सासवडला पोचून मुक्कामाला लागली असती. तेव्हा डी३१०० ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी नवी आणि तेवढ्याच पैशांत मिळत असूनही गळली. ‘माझ्यापेक्षा’ म्हणजे डी९० पेक्षा. आठ महिन्यांत मी डी९० ला ‘मी’ म्हणायला लागलो होतो, हे या वाक्यामुळे मलाही आत्ताच कळतंय. आणि पाच नव्हे, दोनच वर्षं. एक २००८ ची, दुसरी २०१० ची. वही समोर नसली की असं होतं.

डी९० पुढे उभी ठाकली डी७०००. दांडा हिलाही आहे, १६ मेगापिक्सेल, दोन कार्डांची सोय आणि शटर दीड लाख फोटोंना पुरावं असं कंपनीचं म्हणणं. डी९० चं एक लाखाला. फरक चारेक हजारांचा. आता चार हजारांत काय होतं, असं मनाशी म्हटलं की माणूस संपला. कारण डी७००० ला चार हजार जास्त द्यायचेच, तर अजून पाच टाकून २४ मेगापिक्सेलची डी७१०० का नको? आणि तिथवर गेलोच आहोत, तर थोडा दम खाऊन फुल फ्रेम का नको? एका रात्री साडेबारा वाजता मी या जिन्यानं चढत चढत डी७५० पर्यंत पोचलो होतो आणि पतसंस्थेच्या कर्जाचा व्याजदर काढत होतो. बायको पाणी प्यायला उठली, वहीत डोकावली, म्हणाली, “झोपा. बारा हजार आहेत.” एवढं बोलून ती गेली आणि मी त्या जिन्यावरून थेट खाली आलो, मधल्या पायऱ्या लागल्याच नाहीत.

जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचणं हा या काळातला माझा मुख्य व्यासंग होता. त्यांची भाषा शिकायला दोन महिने लागतात. ‘घरगुती वापर’ म्हणजे घरोघरी जाऊन केलेला वापर. ‘थोडे ओरखडे’ म्हणजे गडावरून पडला. ‘गडावरून पडला’ असं कुणी लिहीत नाही. ‘अर्जंट विकणे’ खाली तारीख मागच्या दिवाळीची. ‘टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये’ असं लिहिणारा फोन केल्यावर पाऊण तास बोलतो. गाड्यांच्या बाजारात जशी ‘डॉक्टरांची गाडी’ असते, तसा ‘डॉक्टरांचा कॅमेरा’ही असतो. पुण्यात एवढे डॉक्टर फोटो काढत असतील तर दवाखान्यात आपला नंबर का लागत नाही, हे लक्षात येतं.

जुना कॅमेरा बघायला जाण्याला मुलगी बघायला जाण्याची उपमा फार चांगली जमते. कांदेपोहे, वय लपवणं, ‘आधीची माहिती’ वगैरे सगळं हुबेहूब बसतं. मी ती घरात एकदा देऊन पाहिली. त्यामुळे इथे देत नाही.

मधे एकदा कामानिमित्त मुंबईला गेलो होतो, तेव्हा फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर टाकली. तिथे काचेच्या कपाटांतून कॅमेरे दाटीवाटीनं बसलेले असतात. एका दुकानदारानं डी७००० माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिला. ही खरी विक्रीकला. मी शटर दाबलं. आवाज असा आला, जणू खानदानी माणसानं अडकित्त्यानं सुपारी कातरली. “साडेसोळा,” तो दुसरीकडेच बघत म्हणाला. मी कॅमेरा दोन्ही हातांनी, बाळ परत द्यावं तसा परत दिला आणि परतीच्या गाडीत कर्जतचा वडा खाल्ला.

मग मामा आले.

मामा जुन्नरकडचे. वय सत्तरीच्या पुढे. मोतीबिंदू काढायला पुण्याला आले आणि काळा चष्मा लावून आठ दिवस आमच्याकडे राहिले. वाचायला, टीव्ही बघायला बंदी, त्यामुळे दिवसभर ते माझ्या खोलीत बसून मी काय करतो ते ऐकत. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, “आरं, रोज फोनवर कुणाकुणाला इचारतोस, किती चाललाय, किती चाललाय. ट्रॅक्टर घ्यायलास का काय?”

मी त्यांना शटर काउंट सांगितला. बटण दाबलं की कॅमेऱ्यातला पडदा एकदा उघडून मिटतो, तो एक. किती वेळा मिटला हे कॅमेरा मनाशी मोजत असतो. लाखाच्या आसपास गेला की त्याचा भरवसा नाही; चालेलही, उद्या बसेलही.

“म्हंजी दात,” मामा म्हणाले.

आयुष्यभर बेल्ह्याच्या बैलबाजारात जनावरं घेतलेला माणूस. त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या दोनशे पानी वहीत कुठेच नव्हतं. बैलाला पुढचे दात खालच्या जबड्यातच असतात. दुधाचे पडून पक्के येतात ते जोडीजोडीनं. पक्का एकही नाही तो आदत. दोन आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. तिथून पुढे वय दातांत राहत नाही, मालकाच्या जिभेवर राहतं. “म्हणून चौश्याला दर. कामाला तयार, आन् काम बाकी.” मी रात्री वहीत नवा रकाना पाडला. दहा हजारांच्या आत आदत, पंचवीसपर्यंत दुसा, पन्नासपर्यंत चौसा, पंच्याहत्तरपर्यंत सहादाती, पुढचा जुळलेला. आठ महिन्यांचा गुंता एका संध्याकाळी सुटला. निकॉनचं बरं आहे, काढलेल्या फोटोच्या पोटातच हा आकडा असतो, संगणकावर उघडून वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडी तसा तो फोटोत देत नाहीत, वेगळ्या सॉफ्टवेअरनं काढावा लागतो. त्यावर मामा म्हणाले, “तोंड उघडत न्हाई ते जनावर दावणीला आणू नये.” हा कॅननवर अन्याय आहे. ४०डी सारखी दणकट बॉडी आजही कमी पैशांत मिळते आणि माझ्याकडे काकांची लेन्स नसती तर मी तीच घेतली असती. पण मामांशी वाद घालणं माझ्या आईलाही कधी जमलं नाही.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर मामा म्हणाले, चल, मी येतो बघायला.

पहिला विकणारा सिंहगड रस्त्याकडचा होता. डी९०, भाव ९,०००, ‘घरगुती वापर, सिंगल हँड’. बॉडी चकचकीत. मी मान डोलवायच्या बेतात होतो. मामांनी ती हातात घेतली आणि सगळ्यात आधी उलटी केली. “खूर बघावं.” तळाला ट्रायपॉडचा स्क्रू जिथे बसतो तिथला रंग उडून गोल चकतीएवढं पितळी तेज आलं होतं. मग पट्टा अडकवायच्या दोन कड्या बघितल्या. “खांदा. हितं जू असतंय.” कड्या झिजून अर्ध्या झाल्या होत्या. मग अंगठा जिथे टेकतो तिथलं रबर चोळून पाहिलं. बाकीचं जुनं, तेवढंच कोरं, वर गोंदाची कड. “शिंगं तासून रंग दिलाय,” मामा मला म्हणाले, पण त्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं.

तो म्हणाला, “काका, घरचाच कॅमेरा आहे हो. कधीतरी वाढदिवसाला काढायचा.”

मामांनी चष्मा वर केला, नवा डोळा बारीक केला आणि वर जिथे फ्लॅश सरकवतात त्या खाचेत करंगळीचं नख घातलं. आतून एक तांदळाचा दाणा काढला. कुंकू लावलेला.

अक्षता.

कुणीच काही बोललं नाही. मी मनात हिशोब करत होतो. एका लग्नाचे दोन हजार फोटो धरले तर पन्नास लग्नांत लाख. या माणसाच्या घरी वाढदिवसाला अंतरपाट धरत असावेत. मामांनी तो दाणा परत त्याच्या तळहातावर ठेवला. “आशीर्वाद हाये, जपून ठेवा.” आम्ही जिना उतरलो.

खाली आल्यावर मी हताश होऊन म्हणालो, “मामा, जुन्यात असंच असणार. जुनी बॉडी घ्यायचीच कशाला?”

मामा थांबले. “आता माज्या डोळ्यात डाक्टरनं लेन्स घातली. नवी कोरी. किती दिलं?”

“अठ्ठावीस हजार.”

“आन् बॉडी?”

मी गप्प.

“बॉडी बहात्तर वर्साची. दिसतंय का न्हाई झकास?”

कॅमेऱ्यांवर लिहिणारी जगभरातली जाणती माणसं वर्षानुवर्षं हेच सांगत आलीत की पैसे लेन्सवर घाला, बॉडी मिळेल ती घ्या. ते मी इतक्या वेळा वाचलं होतं. पण सांगणाऱ्यांपैकी कुणीही स्वतःवर करून दाखवलं नव्हतं.

दुसरा कॅमेरा सहकारनगरला. दार उघडलं एका निवृत्त सरांनी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं, सुट्टीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जायचे. आता हात थरथरतो. तो थरथरताना आम्ही पाहिलाच, कारण चहाची बशी वाजत होती. टेबलावर मऊ फडक्यावर डी९० ठेवलेली, शेजारी चार्जर, दोन बॅटऱ्या, आणि एक वही. माझ्यासारखीच दोनशे पानी. त्यात कुठल्या तारखेला, कुठे, किती फोटो. शेवटच्या पानावर बेरीज: ३१,२०६. मी फोटो काढला, बरोबर नेलेल्या लॅपटॉपवर उघडला. ३१,२०७. तो एक माझा.

“चौसा,” मी मामांच्या कानात सांगितलं.

मामांनी खूर, खांदा, शिंगं सगळं पाहिलं. अंगठ्याखालचं रबर सुटलेलं होतं आणि तसंच सुटलेलं ठेवलं होतं. मामांना ते आवडलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कुठल्याही जाहिरातीखाली कुणी विचारत नाही.

“खोड काय ह्येची?”

सर जरा विचारात पडले, वर्गात एखाद्या पोरानं बरोबर प्रश्न विचारला की पडावं तसे. मग म्हणाले, “वरचा फ्लॅश पावसाळ्यात उघडायला रुसतो. व्हिडिओ निघतो, म्हणजे व्हिडिओ काढणारा हा पहिला एसएलआर, पण आवाज ऐकू नका. आणि सेन्सरवर उजवीकडे वर एक डाग आहे. एरवी दिसत नाही. छिद्र बारीक करून आभाळाचा फोटो काढला की दिसतो. साफ करून मिळेल, मला काही जमलं नाही.”

बारीक छिद्र म्हणजे एफ १६, एफ २२. मी खिडकीतून आभाळाचा फोटो काढला. होता. तिळाएवढा, कडा पुसट. मी भाव पाडायला हा मुद्दा घेणार तोच मामा म्हणाले, “असू द्या. खूण असली म्हंजी जनावर हरवत न्हाई.”

आता सौदा. सरांनी १०,५०० सांगितले होते. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडे सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सरांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. सरांना वाटलं, हे कंप तपासतायत. “औषध चालू आहे हो,” ते म्हणाले. मामांनी आणखी दोन बोटं दाबली. सर म्हणाले, “रात्री जरा जास्त होतं.” सरांना बोटांची भाषा येत नव्हती आणि मामांना तोंडानं भाव करणं कमीपणाचं वाटत होतं. आकडा काही बाहेर येईना. टॉवेलाखाली दोन म्हातारे एकमेकांचे हात धरून बसलेले, आणि शेजारचा म्हणून मी. शेवटी आतून बाईंचा आवाज आला, “अहो, साडेनऊला द्या आणि त्यांना पोहे खाऊन जाऊ द्या.”

पोहे आले. कांदे घातलेले. मी कुठलीही उपमा मनात येऊ दिली नाही.

पैसे मोजून दिल्यावर सरांनी कॅमेरा उचलला आणि घुटमळले. “एक विचारू? पट्टा ठेवून घेतला तर चालेल?” मी हो म्हणण्याआधी मामांनीच थरथरत्या हातातून कॅमेरा अलगद घेतला, पट्टा सोडवला, गुंडाळून सरांच्या हातात दिला. “आमच्यात बैल दिला तरी दावं देत न्हाईत.” सर पट्टा हातात धरून फाटकापर्यंत आले.

नवा पट्टा ३५० रुपयांना पडला, कार्ड ५५० ला. हिशोब १०,४०० वर थांबला. शिल्लक १,६०० रुपये मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवले. पाचव्या दिवशी मिक्सर जळला. गणपतीला दोनशेच ठेवले होते, त्याचाही नाइलाज झाला असेल.

राहिली वारी. डी९० वर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणजे जे दिसतं त्यातलं मधलंच घेते. आमच्या दिवाणखान्यात सासूबाईंचा पूर्ण फोटो काढायला मला बाल्कनीत, तिथून वाळत घातलेल्या कपड्यांमागे जावं लागतं. घाटातल्या सगळ्या वळणांवरून चढणारी अख्खी वारी एका फोटोत घ्यायची हे माझं तीन वर्षांचं स्वप्न त्या लेन्सनं पहिल्या दहा मिनिटांत मोडलं. पुढचे तीन तास मी चेहरे काढले. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईंच्या कपाळावरचा घाम, टाळकऱ्याच्या दाढीत अडकलेला थेंब, खांद्यावर झोपलेलं पोर. कुणाचीही छत्री मधे आली नाही. शेवटी पाऊस उघडला तेव्हा वरच्या वळणावर थांबून घाटाच्या कडेचं आभाळ आणि एकच पताका असे चार-सहा फोटो काढले. त्यातला एक मी बारा बाय आठमध्ये काढून फ्रेम केला आणि मामांना जुन्नरला पाठवला.

मामांचा फोन आला. पताका छान, म्हणाले, ढगही छान, आणि उजवीकडे वर उडणारी घार तर फारच छान धरलीस. गावातल्या सगळ्यांना तीच आधी दिसते. आमच्याकडे बघायला येणारेही तेच म्हणतात. बायकोनं तर शेजारणीला सांगून टाकलं की त्या एका घारीसाठी हे दोन तास थांबले होते. मी अजून कुणाला काही बोललेलो नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, ती घार नाही.